स्पेक्ट्रमवरचा ‘चेकर्ड फ्लॅग’: शर्यतीत दुसरी गाडी का नाही, आणि जुनी कॅसेट वाचवायची कशी?

जुनी_कॅसेट (जळगाव)

सर्व सदस्यांना नमस्कार.

भुसावळला रेल्वेत नोकरीस असलेल्या माझ्या काकांनी चुलतभावासाठी घेतलेला ‘डीबी स्पेक्ट्रम+’ हा घरगुती संगणक आता माझ्याकडे आला आहे. ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम+ ची ही भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवान्याने बाजारात आणली होती. संगणकाबरोबर एक साधा मोनो टेपरेकॉर्डर आणि बुटांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेट मिळाल्या. काही कॅसेटवर मूळ गाण्यांची नावे खोडून त्यावरच खेळांची नावे लिहिलेली आहेत.

त्यांतल्या मोटार-शर्यतीच्या खेळाविषयी मला विचारायचे आहे. कॅसेटवर ‘चेकर्ड फ्लॅग’ असे नाव आहे. उन्हाळ्याच्या सुटीत काकांकडे गेलो की चुलतभाऊ तो खेळताना मी शेजारी बसून पाहत असे. आपण गाडीच्या आत बसलो आहोत, समोर स्टिअरिंग, वेगाचा आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा, आणि काचेपलीकडे रस्ता, असे त्याचे दृश्य होते. सुरुवातीला गाडी आणि धावपट्टी निवडायची असे. रस्त्यावर पाणी, तेल असे अडथळे येत, परंतु संपूर्ण शर्यतीत दुसरी एकही गाडी दिसत नसे. व्हिडिओ पार्लरमधल्या ‘पोल पोझिशन’मध्ये तर प्रतिस्पर्ध्यांची रांग लागलेली असायची. मग याच खेळात रस्ता मोकळा का ठेवला असावा? आणि एवढ्याशा यंत्रावर तो रस्ता पळताना दिसायचा तरी कसा?

दुसरी अडचण व्यवहारातली आहे. ही कॅसेट लावली की खेळाचे चित्र पडद्यावर व्यवस्थित उमटते, कडेचे निळे-पिवळे पट्टेही शेवटपर्यंत चालू राहतात, आणि सगळे पार पडले असे वाटत असतानाच ‘आर टेप लोडिंग एरर’ हा संदेश येतो. खेळ इंटरनेटवर मिळेल हे मला ठाऊक आहे. परंतु अन्य कॅसेटवर चुलतभावाने ‘बेसिक’ या संगणकभाषेत स्वतः लिहिलेले प्रोग्राम आहेत आणि ते जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. कॅसेट हाताळून खराब होण्याआधी मार्गदर्शन मिळाले तर बरे होईल. संगणकाचा अॅडॉप्टरही बराच तापतो, तो बदलावा का, तेही कृपया सांगावे.

पांझराकाठ (धुळे)

वरून दिसणारा रस्ता, लाल गाडी, ट्रकला चुकवत पेट्रोल संपायच्या आत पोहोचायचे, असा एक खेळ आमच्या गल्लीत टीव्ही-गेमवर सगळे खेळत असत. आपण म्हणता तो तोच आहे का? त्यात दुसऱ्या गाड्या मात्र भरपूर होत्या.

झेड८०_भुसावळ

धुळ्याच्या सदस्यांनी वर्णन केलेला खेळ कोनामी कंपनीचा ‘रोड फायटर’ आहे. तो १९८४ मध्ये पार्लरच्या यंत्रांसाठी निघाला आणि नंतर घरच्या यंत्रांवर आला. त्यात रस्ता वरून दिसतो, त्यामुळे जवळची आणि लांबची गाडी एकाच आकाराची असते. जळगावच्या भाऊंनी विचारलेल्या खेळातली सगळी कटकट नेमकी इथेच सुरू होते.

‘चेकर्ड फ्लॅग’ हा सायॉन या ब्रिटिश कंपनीने लिहिला आणि तो सिंक्लेअरच्या नावाने १९८३ मध्ये विक्रीस आला. त्याला ४८ के (किलोबाइट) मेमरीचाच स्पेक्ट्रम लागतो. डेव्हिड पॉटर यांनी १९८० मध्ये स्थापन केलेली सायॉन ही कंपनी त्या काळात स्पेक्ट्रमसाठी विमान चालवण्याचा खेळ आणि बुद्धिबळही करत होती, आणि पुढे १९८४ मध्ये तिने ऑर्गनायझर हा खिशातला संगणक काढला. या खेळाचा पिंडही मला विमानाच्या खेळाचाच वाटतो. गिअर, इंजिनाचे तापमान, इंधन यांवर नजर ठेवत सिल्व्हरस्टोन किंवा मोंझाची फेरी कमीत कमी वेळात पूर्ण करायची, एवढेच त्यात अपेक्षित आहे.

आता रस्ता कसा पळतो ते पाहू. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ आडव्या आणि १९२ उभ्या ठिपक्यांचा असतो. ठिपक्यांसाठी ६,१४४ बाइट आणि रंगांसाठी वेगळे ७६८ बाइट खर्च होतात. झेड८०ए प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झने चालतो आणि टीव्हीवर सेकंदाला ५० चित्रे उमटतात, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला घड्याळाचे साधारण ७०,००० ठोके येतात. मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेणारी त्याची नेहमीची आज्ञा एका बाइटला २१ ठोके घेते. ६,१४४ ला २१ ने गुणले की १,२९,०२४ होतात. रस्त्याचा हिशेब करणे, कळफलक वाचणे, काटे हलवणे यांतले काहीही न करता नुसते एक तयार चित्र पडद्यावर नेऊन ठेवायचे म्हटले, तरी जवळजवळ दोन चित्रांचा वेळ त्यातच जातो. शिवाय ४८ के स्पेक्ट्रममध्ये आवाजासाठी वेगळी चिप नाही. इंजिनाची घरघर काढायची तर प्रोसेसरनेच हातातले काम थांबवून स्पीकरला पुन:पुन्हा चालू-बंद करावे लागते.

त्यामुळे त्या काळातले असे खेळ पडदा नव्याने रंगवत नसत. डॅशबोर्ड खालचा भाग व्यापतो आणि तिथे काट्यांखेरीज फारसे काही हलत नाही. तो शोभेसाठी आहे असे वाटते, पण खरे पाहता ती मोठी काटकसर आहे. वर आकाश आहे, तेही बहुतेक स्थिर. उरतो तो मधला पट्टा. त्यातही मागच्या चित्रात रस्त्याची डावी कड १०० व्या ठिपक्यावर होती आणि आता ती १०३ व्या ठिपक्यावर आली असेल, तर त्या ओळीवर बदलायचा असतो तो एखाददुसरा बाइट. बाकीची ओळ जशीच्या तशी राहू देतात.

कड कुठे येणार हे ठरवण्याचा हिशेबही सुंदर आहे. केळीच्या बागेच्या बांधावर उभे राहून आत पाहिले तर जवळच्या दोन ओळींत पुष्कळ अंतर दिसते आणि दूरवर त्या एकमेकींना चिकटतात, तसाच हा प्रकार आहे. समजा क्षितिजाखाली रस्त्यासाठी ८० ओळी आहेत आणि तळाची ओळ गाडीपुढच्या २ मीटरवरचा रस्ता दाखवते. मग क्षितिजापासून ४० व्या ओळीवर ४ मीटर, २० व्या ओळीवर ८ मीटर, १० व्या ओळीवर १६ मीटर आणि क्षितिजालगतच्या पहिल्या ओळीवर थेट १६० मीटर अंतर येते. रुंदीचे गणित याच्या उलट असते. तळाशी रस्ता १६० ठिपके रुंद असेल तर ४० व्या ओळीवर तो ८० ठिपके आणि पहिल्या ओळीवर अवघे २ ठिपके उरतो. अंतर काढायला भागाकार लागतो आणि झेड८० ला भागाकाराची किंवा गुणाकाराची आज्ञाच नाही. म्हणून ८० उत्तरांचा तक्ता आधीच मेमरीत तयार ठेवतात आणि शर्यतीच्या वेळी तो फक्त वाचतात.

वळणासाठी तळाच्या ओळीपासून वर जाताना प्रत्येक ओळीचा मध्यबिंदू किंचित सरकवतात, आणि हे सरकवणेही ओळीगणिक थोडे वाढवत नेतात. रस्ता आपोआप वाकलेला दिसू लागतो. गाडी खरी कधी वळतच नाही. वळण आणि वेग यांच्या हिशेबाने तिला बाहेरच्या बाजूला ढकलतात आणि आपण स्टिअरिंग फिरवून ते ढकलणे भरून काढतो. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने दहा-बारा ओळी काढून पाहाव्यात, पाचव्या ओळीपर्यंत वळण डोळ्यांना दिसायला लागते.

या सगळ्यात दुसरी गाडी आणायची म्हटले तर तिची चित्रे निरनिराळ्या आकारांत साठवावी लागतात. जवळची गाडी ४८ ठिपके रुंद आणि २४ ठिपके उंच धरली तर एका चित्राला १४४ बाइट लागतात, आणि मागचा रस्ता झाकण्यासाठीची छाया धरून २८८. मग तिचे लहान होत जाणारे आकार आले, आणि गाडी पुढे सरकल्यावर तिच्याखालचा रस्ता पुन्हा काढणे आले. ‘पोल पोझिशन’शी तुलना करताना हे लक्षात घ्यावे की नाम्कोच्या १९८२ च्या त्या यंत्रात एका झेड८० च्या जोडीला दोन १६ बिटी प्रोसेसर होते आणि रस्ता काढण्यासाठी वेगळी सर्किटे होती.

निवृत्त_मास्तर (अमळनेर)

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु त्याच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. यंत्र अपुरे होते म्हणून प्रतिस्पर्धी नव्हते, हे कारण मला अर्धेच वाटते.

१९८४ मध्ये सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि त्यात बीबीसी मायक्रो हे संगणक शाळांना मिळाले. मी ज्या शाळेत होतो तिथे त्या खोलीला पडदे होते आणि चपला बाहेर काढून आत जावे लागे. संगणकावर खेळ लावणे हा तर अपराधच मानला जात असे. त्यामुळे त्या यंत्राचा सर्वांत चांगला शर्यतीचा खेळ मला निवृत्तीनंतर इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, पाहावा लागला. तो म्हणजे जेफ क्रॅमंड यांचा ‘रेव्ह्ज’, प्रकाशक एकॉर्नसॉफ्ट, साल १९८४.

बीबीसी मायक्रोची मेमरी ३२ के, म्हणजे स्पेक्ट्रमपेक्षाही कमी, आणि पडद्यासाठी लागणारी जागा त्यातूनच काढायची. तरीही ‘रेव्ह्ज’मध्ये सिल्व्हरस्टोनची धावपट्टी चढउतारांसह आहे, गाडीचे पुढचे-मागचे पंख आपल्याला हवे तसे बसवता येतात, आणि रस्त्यावर प्रतिस्पर्धी आहेत. फॉर्म्युला वन विजेते जेम्स हंट यांचे भाऊ आणि फॉर्म्युला थ्री चालक डेव्हिड हंट यांचे मार्गदर्शन क्रॅमंड यांनी घेतले होते, आणि ते चालवताना जाणवते. नवशिक्याची गाडी पहिल्याच वळणावर गवतात जाते.

यातली एक युक्ती मला फार आवडते. जागा पुरेना म्हणून क्रॅमंड यांनी प्रोग्रामचा काही भाग पडद्याच्या मेमरीतच, आकाशाच्या जागी ठेवला. एरवी तिथे रंगीबेरंगी कचरा दिसला असता. परंतु त्या पट्ट्यापुरते चारही रंग निळेच ठरवून टाकले, की कचराही निळा आणि आकाशही निळे. खेळणारा निरभ्र आकाश पाहत असतो आणि प्रोसेसर तेच आकाश वाचून गाडी चालवत असतो.

स्पेक्ट्रमपुरतेच बोलायचे तरी १९८३ चा ‘डेथचेस’ हा मायक्रोमेगाचा खेळ १६ के स्पेक्ट्रमवर चालतो. त्यात दाट झाडीतून मोटारसायकलने पाठलाग करायचा असतो आणि समोर दोन शत्रू असतात. तिथे रस्ता नाही, काटे नाहीत, गिअर नाहीत. लेखकाने वेग आणि शत्रू ठेवले आणि बाकीचे सोडून दिले. सायॉनने उलट केले. त्यांनी इंजिन, गिअर आणि खऱ्या धावपट्ट्यांचे आकार ठेवले आणि शत्रू सोडले. घड्याळाशी शर्यत हीसुद्धा शर्यतच असते. माझे मत विचाराल तर मोकळ्या रस्त्यावर एकच वळण पुन:पुन्हा घेऊन त्यातला अर्धा सेकंद वाचवण्यात जी मजा आहे, ती गर्दीत धडका खाण्यात नाही. पण हे मास्तराचे मत आहे, मुलांना ते पटणार नाही.

झेड८०_भुसावळ

मास्तरांचा मुद्दा मान्य आहे, निवड ही निवडच असते. फक्त स्पेक्ट्रमवर ती निवड महाग करणारे एक कारण बीबीसीवर नव्हते, ते नोंदवतो.

स्पेक्ट्रममध्ये रंग ठिपक्याला मिळत नाही, ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीला मिळतो. आडव्या ३२ आणि उभ्या २४ अशा ७६८ चौकटी असतात आणि एका चौकटीत दोनच रंग राहू शकतात. हिरवे गवत आणि काळा रस्ता एवढेच असेल तर तिरपी कड कुठूनही गेली तरी भागते. परंतु त्याच कडेवर लाल गाडी आली की चौकटीत तीन रंग हवेत. मग गवताचा तुकडा लाल होतो किंवा गाडीचे चाक हिरवे होते, आणि गाडी सरकेल तसे हे डाग तिच्याबरोबर उड्या मारत जातात. बीबीसीच्या चार रंगांच्या पद्धतीत प्रत्येक ठिपका आपला रंग स्वतः ठरवतो, त्यामुळे क्रॅमंड यांना ही डोकेदुखी नव्हती.

स्पेक्ट्रमवर यावर खरा तोडगा निघाला तो पुढे. ओशन या कंपनीने १९८९ मध्ये आणलेल्या ‘चेस एचक्यू’मध्ये रस्ता, गाड्या, झाडे सगळे एकरंगी पार्श्वभूमीवर काळ्या रेघांत काढले आहे आणि रंग माहितीच्या पट्टीपुरते ठेवले आहेत. चित्र फिके वाटते, पण गाड्या भरपूर आहेत आणि वेग उत्तम आहे. ‘युअर सिंक्लेअर’ या मासिकाच्या वाचकांनी त्याला आपल्या यादीत पहिला क्रमांक दिला होता.

सोल्डर_आणि_पक्कड (जळगाव)

मी जुने रेडिओ, टेप आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. कॅसेटपुरते लिहितो.

आधी अॅडॉप्टर. मूळ स्पेक्ट्रम+ ला ९ व्होल्ट डीसी लागतात आणि पिनेच्या आतल्या टोकाला ऋण बाजू असते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अॅडॉप्टरमध्ये आतले टोक धन असते. घाईने नवा अॅडॉप्टर आणून लावला तर संगणक कायमचा जाऊ शकतो. तेव्हा मीटरने बाजू तपासल्याशिवाय आणि यंत्रावर छापलेल्या आकड्यांशी ताडून पाहिल्याशिवाय काहीही जोडू नये. जुना अॅडॉप्टर काही न जोडता मोजला तर ९ पेक्षा जास्त व्होल्ट दाखवतो. त्यात व्होल्टेज स्थिर ठेवणारे सर्किट नसल्यामुळे तसे होते, तो दोष नव्हे. साधारण तापणेही नेहमीचेच आहे. वास येत असेल किंवा हात ठेववत नसेल तर मात्र वापर थांबवावा.

आता मुख्य गोष्ट. चूक नेमकी शेवटी दाखवली जाते, या तुमच्या निरीक्षणातच निदान आहे. कॅसेटवर प्रत्येक बिट, म्हणजे शून्य किंवा एक, हा एका लहान किंवा मोठ्या लहरीच्या रूपाने असतो. शून्याची लहर आखूड असते आणि एकाची दुप्पट लांब. सेकंदाला सरासरी दीड हजार बिट येतात, म्हणून ४८ के चा मोठा खेळ भरायला चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. मध्येच आवाज तुटला, टेप चुरगळलेली असली, तर लहर न सापडल्यामुळे संगणक तिथल्या तिथे थांबतो. परंतु लहर सापडली आणि आखूड की लांब एवढेच चुकीचे वाचले गेले, तर संगणकाला ते त्या क्षणी कळत नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट ठेवलेला असतो. आधीचे सगळे बाइट त्याच्याशी जुळले नाहीत की मगच तो नकार देतो. म्हणजे तुमच्या ‘चेकर्ड फ्लॅग’ची टेप बहुधा शाबूत आहे. आवाजाची पातळी किंवा हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, कोन बिघडलेला आहे.

हेडच्या कोनाचा स्क्रू फिरवण्याचा मोह इथे होईल. कृपया तो आत्ताच फिरवू नये. खेळाची कॅसेट कुणाच्या तरी दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलेली असणार, तिचा कोन त्या यंत्राचा आहे. चुलतभावाचे प्रोग्राम मात्र याच टेपरेकॉर्डरवर नोंदवलेले आहेत, आणि तेव्हापासून स्क्रूला कुणी हात लावला नसेल तर त्यांचा कोन आजही या हेडशी जुळतो. म्हणून आधी चुलतभावाच्या कॅसेट उतरवून घ्याव्यात आणि खेळाची कॅसेट सर्वांत शेवटी घ्यावी. त्या वेळी स्क्रूच्या मूळ जागेवर रंगाचा ठिपका देऊन, अगदी किंचित फिरवत, आवाज जिथे सर्वांत तीक्ष्ण येईल तिथे थांबावे.

कॅसेट लावण्यापूर्वी प्रत्येकीच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे उजेडात पाहावे. पांढरे, पावडरसारखे डाग दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट वेगळी काढावी, नाहीतर हेडवरून ती बाकीच्यांना लागते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय उष्णता होते ते सांगायला नको. त्या उष्णतेत टेपच्या मागच्या नमद्याच्या गादीचा डिंक सुटतो आणि गादी आत पडते. ती नसली तर टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज येतो-जातो. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या फालतू कॅसेटची गादी तिला बसवता येते. हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, अत्तर किंवा थिनर वापरू नये.

नोंद करताना टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या सॉकेटमधून लॅपटॉपला वायर द्यावी आणि ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये मोनो, ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, डब्ल्यूएव्ही अशी नोंद करावी. एमपी३ करू नये आणि आवाज ‘स्वच्छ’ करणारी कोणतीही सोय चालू ठेवू नये, कारण जो खरखराट वाटतो त्यातच तुमचा प्रोग्राम आहे. सी-६० कॅसेटच्या एका बाजूची फाइल सुमारे १६० एमबी होते. टेपचा आवाज तीन चतुर्थांशाच्या आसपास ठेवावा आणि प्रत्येक बाजू निदान दोनदा, थोड्या वेगळ्या पातळीवर नोंदवावी. एका नोंदीत चुकलेला बिट दुसरीत अनेकदा बरोबर येतो, आणि दोन्हींतून मिळालेले बाइट शेजारी ठेवले की फरक कुठे आहे तो सापडतो. ‘फ्यूज’ या मोफत इम्युलेटरच्या साहाय्यक साधनांत अशा नोंदीवरून टेपची फाइल तयार करण्याची सोय आहे. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय १९८६ मध्ये अॅमस्ट्रॅडने विकत घेतला आणि पुढे इम्युलेटरसाठी स्पेक्ट्रमचा रॉम (यंत्रात कायमचा भरलेला मूळ प्रोग्राम) मोफत वापरू दिला, त्यामुळे त्या बाबतीत अडचण नाही. खेळांचे हक्क मात्र त्या-त्या मालकांचे असतात.

जुनी_कॅसेट (जळगाव)

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे स्क्रूला हात न लावता आधी चुलतभावाच्या कॅसेट घेतल्या. एक सोडून सर्व प्रोग्राम इम्युलेटरवर उघडले. त्यांत पाढे विचारणारा एक, किराण्याच्या हिशेबाचा एक आणि रस्त्याच्या दोन कडा काढून थांबणारा एक अर्धवट प्रोग्राम आहे. आता झेड८० भाऊंचे विवेचन वाचल्यावर त्यातला तक्ता कशासाठी होता ते समजते. त्यानंतर स्क्रू किंचित फिरवल्यावर ‘चेकर्ड फ्लॅग’ही पूर्ण भरला.

जो एक प्रोग्राम राहिला, तो दोन्ही नोंदींत त्याच जागी थांबतो. ऑडॅसिटीत तिथे लहर क्षणभर अगदी सपाट दिसते आणि पुढे पुन्हा नेहमीसारखी सुरू होते. सपाट भागापुढचे काही परत मिळवता येईल का?

सोल्डर_आणि_पक्कड (जळगाव)

त्याच जागी थांबतो म्हणजे टेपला घडी पडलेली आहे. तेवढ्या तुकड्यावरची माहिती गेली असे समजावे आणि कॅसेट पुन:पुन्हा चालवू नये, घडीवरचा थर आणखी निघेल. पुढचे कसे वाचायचे ते भुसावळचे भाऊ सांगतील.

झेड८०_भुसावळ

पुढचे बहुतेक सगळे मिळेल. तुटल्यानंतरचे बिट शाबूत आहेत, फक्त आठ-आठ बिटांचे गट, म्हणजे बाइट, कुठून मोजायचे ते हरवले आहे. शक्यता आठच आहेत, त्या एकेक करून पाहायच्या. बरोबर गट कोणता ते ओळखणे सोपे आहे, कारण स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये प्रत्येक ओळ ठरावीक पद्धतीने साठवलेली असते: पहिले दोन बाइट ओळीचा क्रमांक, पुढचे दोन बाइट ओळीची लांबी, मग मजकूर आणि शेवटी १३ हा बाइट. ज्या मांडणीत १३ नंतर लगेच वाढत जाणारे ओळक्रमांक मिळतील, विशेषतः १०, २०, ३० असे दहा-दहाने, ती मांडणी खरी. लांबीचा आकडा पुढच्या १३ पर्यंतच्या अंतराशी जुळला की खात्री पटते.

घडीच्या जागची एखादी-दुसरी ओळ अर्धी राहील, ती चुलतभावाला विचारून हाताने लिहावी लागेल. नोंदीचा तेवढाच तुकडा, सपाट भागाच्या आधीचे आणि नंतरचे काही सेकंद धरून, इथे जोडलात तर मी आठही मांडण्या काढून देतो.